कम्फर्टमध्ये टाकली तरी गाडी आपटते? सस्पेन्शन मोडची तक्रार मुळापासून कशी शोधायची

ही तक्रार सारखी ऐकायला मिळते आणि दर वेळी जवळपास त्याच शब्दांत. स्पोर्ट्स कार आहे, सस्पेन्शनचं बटण आहे, कम्फर्ट-नॉर्मल-स्पोर्ट असे दोन-तीन मोड आहेत, पण कम्फर्टमध्ये टाकली तरी रस्त्याच्या बारीक सांध्यांवर गाडी थडथडते, स्पोर्टमध्ये तर पाठच धरते, आणि वर्कशॉपला नेली की स्कॅनर लावून "फॉल्ट काही नाही, ह्या गाड्या अशाच कडक असतात" असं सांगून परत पाठवतात. मग माणूस काही दिवस गप्प बसतो आणि टायर बदलले किंवा थंडी पडली की परत तेच सुरू. कंटाळून कुणी चारही शॉकअप बदलतं आणि तरी फरक पडत नाही, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण हा खर्च खूप वेळा टाळता येतो. बटण नक्की काय बदलतं आणि काय बदलत नाही एवढं नीट कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो, म्हणून आधी तेच.

बटण बदलतं फक्त डॅम्पिंग. गाडीचं वजन उचलून धरते ती स्प्रिंग, आणि बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ती साधी लोखंडी स्प्रिंग असते, कुठलंही बटण दाबा ती आहे तेवढीच कडक राहते. अँटीरोल बार (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) तसाच, टायर तसेच, सांध्यांमधले रबरी बुश तसेच. स्प्रिंग दबल्यावर किंवा सुटल्यावर तिच्या हालचालीला शॉकअप किती विरोध करणार, बदलतं ते एवढंच. एअर सस्पेन्शनवाल्या गाड्या वेगळ्या, तिथे उंचीही बदलते आणि काही ठिकाणी स्प्रिंगचा कडकपणाही. मॅक्लारेनच्या 2011 च्या एमपी4-12सी मध्ये तर चारही डॅम्पर, म्हणजे शॉकअपच, हायड्रॉलिक लाइननी एकमेकांना जोडलेले होते आणि नेहमीचा अँटीरोल बारच नव्हता, त्यामुळे तिथे मोड बदलला की बॉडी रोलचा, म्हणजे वळणात झुकण्याचा, हिशोबही बदलायचा. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत बटण म्हणजे डॅम्पर आणि फक्त डॅम्पर.

ही गोष्ट नवीनही नाही. टोयोटाच्या सोअररमध्ये 1983 ला टेम्स नावाची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम आली, 1989 च्या कॉर्व्हेटला एफएक्स3 नावाचा ऑप्शन होता, टूरिंग, स्पोर्ट आणि परफॉर्मन्स असा फिरवायचा स्विच आणि शॉकअपच्या डोक्यावर छोटी मोटर, ती आतला व्हॉल्व्ह फिरवायची. आज दोन प्रकार जास्त दिसतात. एकात सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, करंट कमी-जास्त केला की तेल जायची वाट लहान-मोठी होते. दुसरा मॅग्नेटिक, मॅग्नराइडवाला, 2002 च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आला आणि मग कॉर्व्हेट, ऑडी टीटी, आर8, फेरारी 599 असा पसरत गेला. त्यात तेलात लोखंडाचे अगदी बारीक कण असतात, पिस्टनमधल्या कॉइलमध्ये करंट सोडला की ते कण ओळीने उभे राहतात आणि तेल त्या जागी घट्ट होतं, सगळं काही मिलिसेकंदांत. आपल्या गाडीत यातला कुठला आहे ते माहीत करून घ्या, कारण बिघडल्यावर दोन्ही अगदी वेगळे वागतात, त्याबद्दल पुढे येतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लोक नेमकं हेच टाळतात. "गाडी कडक आहे" ही तक्रार नाही, त्यातून कुणालाच काही कळत नाही. कडक म्हणजे नेमकं काय ते वेगळं काढा. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत थरथर येते का? एखाद्या सांध्यावर एकच टणक दणका बसतो का? की हायवेवर लांब चढउतारांवर गाडी वरखाली होत राहते आणि डोकं हलत राहतं? ह्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आणि गंमत म्हणजे तिसरीला बऱ्याचदा स्पोर्टच बरा पडतो.

हे का होतं ते आकड्यांत बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. गाडीची बॉडी तिच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा वरखाली होऊ पाहते, साध्या गाडीत एकच्या जवळ, स्पोर्ट्स कारमध्ये दीड-दोनच्या आसपास. चाक मात्र टायर आणि स्प्रिंगच्या मध्ये सेकंदाला दहा ते पंधरा वेळा नाचतं. आता ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. रस्त्यावर 20 मीटर लांबीची लाट असेल तर सेकंदाला 1.4 झोके, म्हणजे अगदी बॉडीच्या स्वतःच्या तालावर, गाडी डुलणारच, आणि इथे डॅम्पिंग वाढवलं की फायदा. त्याच वेगात काँक्रीटचे सांधे दर 5 मीटरवर असतील तर सेकंदाला साडेपाच धक्के, आणि माणसाचं बसलेलं शरीर उभ्या धक्क्यांना चार ते आठच्या पट्ट्यातच सगळ्यात जास्त वैतागतं, पोट आणि पाठ दोन्हींना तेच जाणवतं. इथे डॅम्पिंग वाढवलं की नुकसान. बॉडीच्या स्वतःच्या तालाच्या साधारण 1.4 पटीच्या वर गेलं की शॉकअप जितका कडक तितका रस्ता जास्त आत येतो, हे गणितच आहे, कुठल्याही कंपनीला त्यातून सुटका नाही. म्हणून गुळगुळीत पण लाटा असलेल्या हायवेवर स्पोर्ट छान वाटतो आणि तीच गाडी, तोच मोड, सांध्यांच्या रस्त्यावर नको होते. यात बिघाड काहीच नसतो.

सेमी-अ‍ॅक्टिव्ह सिस्टीम, म्हणजे गाडी चालतानाच शॉकअप आपोआप कडक-मऊ करणारी, ह्यातूनच वाट काढायचा प्रयत्न करते. कार्नोप, क्रॉस्बी आणि हारवूड यांनी 1974 मध्ये मांडलेला स्कायहूकचा विचार आजही त्याच्या मुळाशी आहे: बॉडी जणू वर आकाशाला डॅम्परने टांगलेली आहे असं समजून शॉकअप चालवायचा, म्हणजे बॉडी हलायला लागली की घट्ट आणि नुसतं चाक नाचत असेल तेव्हा सैल. त्यामुळे कम्फर्ट म्हणजे कायम मऊ आणि स्पोर्ट म्हणजे कायम कडक असं आता राहिलेलं नाही. पोर्शच्या पीएएसएम नावाच्या अशाच सिस्टीममध्ये नॉर्मलला जोरात चालवली की सिस्टीम आपोआप कडक होते, आणि स्पोर्टमध्ये रस्ता खराब लागला तर पकड टिकवायला स्वतःहून थोडी मऊ होते. म्हणजे मोड हा एक पट्टा आहे, ठरलेली जागा नाही. "कधी कधी कम्फर्टमध्येही कडक होते" म्हणणाऱ्यांनी आधी आठवून बघा, तेव्हा तुम्ही ब्रेक मारत होतात का, वळणात होतात का, वेग किती होता. बऱ्याच सिस्टीम वेग, स्टीअरिंगचा कोन आणि ब्रेक बघून डॅम्पिंग वाढवतात आणि ते बरोबरच आहे.

वळणाचं निघालंच आहे तर, स्पोर्टमध्ये टाकल्यावर गाडी कमी झुकते असं बहुतेक जण म्हणतात. पण लांब, एकसारख्या वळणात गाडी शेवटी किती झुकणार ते स्प्रिंग, अँटीरोल बार, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वजन किती उंचीवर आहे ह्यावर ठरतं. डॅम्पर फक्त तिथपर्यंत किती पटकन पोचणार ते ठरवतो. स्पोर्टमध्ये गाडी हळू झुकते म्हणून हाताला घट्ट, तयार वाटते, एस वळणात दिशा बदलताना हे फार सुखाचं असतं, पण गोल रॅम्पवर तीन-चार सेकंद टिकून वळत राहिलात तर कम्फर्ट आणि स्पोर्टमध्ये झुकाव जवळपास तेवढाच येणार. "स्पोर्टमध्येही गाडी झुकते, म्हणजे सिस्टीम गेली" असा निष्कर्ष त्यामुळे काढू नका.

आता प्रत्यक्ष शोधायला लागू. पहिलं, तुम्ही दाबताय ते बटण डॅम्परचंच आहे ना? बऱ्याच गाड्यांत ड्राइव्ह मोडचं एक बटण असतं, ते इंजिन, गिअर, स्टीअरिंग, एक्झॉस्ट सगळं एकत्र बदलतं आणि डॅम्परचं वेगळं बटण असतं किंवा स्क्रीनच्या मेनूत आत लपलेलं असतं. निस्सानच्या जीटी-आर आर35 ला तीन वेगळे स्विचच होते, गिअरबॉक्सचा, सस्पेन्शनचा आणि स्टॅबिलिटीचा, तिथे घोळ व्हायचा प्रश्न नाही, पण एकाच बटणाच्या गाडीत स्टीअरिंग जड झालं आणि आवाज वाढला की माणसाला राइडही कडक झाल्यासारखी वाटते, मन असं फसतंच. आणि गाडी बंद करून परत चालू केली की बऱ्याच गाड्या डिफॉल्ट मोडवर जातात, काही शेवटचा मोड लक्षात ठेवतात, काही इंडिव्हिज्युअलमध्ये, म्हणजे आपण स्वतः जुळवलेल्या मोडमध्ये, केलेलं सेव्ह करतात. "काल बरी होती, आज कडक आहे" ह्या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं. मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा, कंटाळा करू नका.

दुसरं, टायर. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते कडक राइडच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथे संपतात. टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे आणि बारीक धक्का शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरने गिळायचा असतो. 30 किंवा 35 प्रोफाइलच्या, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेल्या, टायरला गिळायला जागाच कमी, त्यात हवा जास्त भरलेली असेल तर कम्फर्ट मोड बिचारा काय करणार. दारावरच्या किंवा फ्युएल लिडवरच्या स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक कमी लोडचा आणि एक पूर्ण लोडचा किंवा जास्त वेगाचा, आणि हवा भरणारे सर्रास मोठा आकडा बघून भरतात किंवा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतात. पुढचं आणि मागचं प्रेशरही वेगळं असतं. आणि प्रेशर थंड टायरवर बघायचं, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, कारण टायरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआयने वाढतं. गरम टायरमधून हवा काढून "स्टिकरएवढी" केली तर सकाळी ती कमी निघणार, आणि कमी हवेत स्पोर्ट्स कार चालवणं धोक्याचं आहे, रिम तर जातंच पण वळणात टायरची कडही दुमडते. म्हणून आरामासाठी स्टिकरच्या खाली जाऊ नका, स्टिकरवर आणा, एवढ्यानेच बऱ्याच जणांना फरक कळतो.

टायरचं अजून एक. साइज तोच असला तरी टायरची बाजूची भिंत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. रनफ्लॅटची भिंत मुद्दाम जाड केलेली असते, पंक्चर झाल्यावर गाडीचं वजन तिला पेलायचं असतं ना, त्यामुळे बारीक धक्के ती सरळ आत पाठवते. एक्स्ट्रा लोडवाले, म्हणजे जास्त वजन पेलणारे, टायरही सहसा थोडे कडक लागतात. बऱ्याच कंपन्या त्यांच्या गाडीसाठी खास ट्यून केलेले टायर बनवून घेतात आणि त्यावर छोटी खूण असते, पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा. टायर बदलल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर जुने आणि नवे टायर ह्या बाबतीत जुळतात का ते आधी बघा, आणि टायर बनल्याची तारीखही बघा, भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होतं, ट्रेड कितीही शिल्लक दिसू दे. आणि कुणी 18 इंचाची चाकं काढून 20 ची लावली असतील तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही, वजनदार चाक शॉकअपला आवरत नाही, मोड कुठलाही असो.

तिसरं, बंपस्टॉप. एकच टणक दणका बसतो अशी तक्रार असेल तर इथे थांबा. शॉकअपच्या रॉडवर वरच्या बाजूला फोमसारख्या पॉलियुरेथेनचा तुकडा असतो, सस्पेन्शन पूर्ण दबायला लागलं की तो मध्ये येतो आणि झपाट्याने कडक होत जातो. स्पोर्ट्स कार मुळातच खाली बसलेली, तिला दबायला जागा कमी, त्यात कुणी लोअरिंग स्प्रिंग टाकून अजून 25-30 मिलिमीटर खाली आणली असेल तर उभ्या गाडीतच बंपस्टॉप जवळ येऊन बसतो. मग छोट्या खड्ड्यावरही गाडी त्याच्यावर टेकते, आणि ह्या दणक्यात डॅम्परच्या मोडचा फारसा संबंधच उरत नाही. उलट इथे कम्फर्टमध्ये जास्त दणके बसू शकतात, कारण मऊ डॅम्पर हालचाल अडवत नाही आणि गाडी धाडकन शेवटपर्यंत जाते. कम्फर्टपेक्षा स्पोर्टमध्ये कमी आपटते असं कुणी सांगितलं की माझा पहिला संशय इथेच असतो.

हे तपासायची एक सोपी रीत आहे. रॉड उघडा दिसत असेल, किंवा डस्ट कव्हर वर सरकवता येत असेल, तर रॉडवर एक बारीक केबल टाय बांधायचा, घट्ट नाही, बोटाने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत, आणि शॉकअपच्या बॉडीला टेकेपर्यंत खाली ढकलून ठेवायचा. टायचं टोक कापून त्याची धार बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर रॉडवर ओरखडा पडला तर सील जाईल. मग नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवा आणि परत येऊन बघा. गाडी दबते तेव्हा शॉकअपची बॉडी टायला वर ढकलते आणि सुटताना टाय तिथेच राहतो, म्हणजे जास्तीत जास्त किती दबलं ते रॉडवरच दिसतं. टाय पार बंपस्टॉपपाशी चिकटून, चेमटून बसला असेल तर उत्तर मिळालं. हे काम गाडी नीट जॅकस्टँडवर किंवा लिफ्टवर असतानाच करा, नुसत्या जॅकवर चाकाच्या कमानीत हात घालू नका.

चौथं, डॅम्पर मोडप्रमाणे खरंच बदलतोय का? गाडी उभी करून बॉनेट दाबून बघायची जुनी सवय इथे उपयोगाची नाही, बऱ्याच गाड्यांत उभ्या गाडीत मोड बदलला तरी सिस्टीम वेग शून्य बघून वेगळंच काहीतरी करते. रस्त्यावरच बघायचं. रहदारी नसलेला, तुम्हाला खड्डान् खड्डा माहीत असलेला एक पट्टा निवडा, एक ठरलेला वेग ठरवा आणि त्याच लेनमधून जा. शेजारी बसलेल्या माणसाने मोड बदलायचा आणि तुम्हाला सांगायचं नाही, तुम्ही फक्त कडक की मऊ तेवढं बोलायचं. इंजिन आणि स्टीअरिंगचा मोड तोच ठेवून फक्त डॅम्पर बदलता आला तर उत्तम. फोनमधलं अ‍ॅक्सेलरोमीटर अ‍ॅप वापरायचं असेल तर फोन सीटवर ठेवू नका, सीटचा फोम निम्मं गिळतो, सीटच्या रेलवर किंवा फ्लोअरवर डबल टेपने पक्का चिकटवा. दोन्ही मोडचे ग्राफ एकमेकांवर ठेवले आणि काहीच फरक दिसला नाही, तर मग सिस्टीमकडे बोट दाखवायला आधार आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर प्रेशर, मोड आणि वेग तिन्ही बदलून "फरक पडला" म्हणण्याला काही किंमत नाही.

फरक दिसत नाही म्हटल्यावर फेलसेफ आठवा, म्हणजे बिघाड झाला की सिस्टीम कुठल्या अवस्थेत जाऊन थांबते ते. मॅग्नेटिक डॅम्परमध्ये करंट गेला की तो सगळ्यात मऊ होतो, कारण कण उभे करणारं काही उरत नाही, मग गाडी डुलायला लागते आणि ब्रेक मारला की नाक खाली घालते. सोलेनॉइडवाल्यात कंपनीने ठरवलं असेल तसं, काही कडक बाजूला जाऊन थांबतात आणि मग तुम्ही दिवसभर मोड बदलत बसलात तरी गाडी दगडासारखीच. साधारण डॅशवर वॉर्निंग येते, पण कनेक्टर ढिला असेल, पावसात पाणी जाऊन गंजला असेल, वायर चाकाच्या कमानीत घासली असेल तर फॉल्ट येतो आणि जातो, आणि वर्कशॉपमध्ये गाडी उभी असताना काहीच दिसत नाही. वर्कशॉपला "स्कॅन करा" एवढंच म्हणू नका, चारही डॅम्परचा लाइव्ह करंट मोड बदलत दाखवा म्हणा, शक्य असेल तर गाडी चालवत असताना. चारातला एक बदलत नाही किंवा बाकी तिघांपेक्षा वेगळाच वागतो, तो लगेच दिसतो. सेव्ह झालेले, आत्ता अ‍ॅक्टिव्ह नसलेले कोडही वाचायला सांगा, ते न वाचताच पुसून टाकले जातात ह्याची मला फार चीड आहे, कारण नेमका तोच पुरावा असतो.

उंचीचे सेन्सर विसरू नका. बॉडी आणि कंट्रोल आर्मच्या मध्ये एक छोटा दांडा असतो, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, आणि तो वाकला, निसटला किंवा गाडी खाली केल्यावर त्याचं कॅलिब्रेशन झालंच नाही तर कंट्रोलरला वाटतं गाडी कायम दबलेली आहे, आणि तो त्याच हिशोबाने डॅम्पिंग देत राहतो. सस्पेन्शन खोललं, आर्म बदलला किंवा स्प्रिंग बदलली की उंचीचं कॅलिब्रेशन आणि अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग अँगलचं शून्य, दोन्ही केलं का ते विचाराच.

मेकॅनिकल गोष्टी आता पटकन सांगतो. खडखड किंवा ठक असा आवाज दोन चाकं वेगवेगळी वरखाली होताना येतो पण दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली की येत नाही, तर अँटीरोल बारच्या लिंक रॉडवर संशय घ्या, बॉल जॉइंटचं रबर फाटून आतलं ग्रीस वाहून गेलेलं दिसतं. स्टीअरिंग उभ्या गाडीत फिरवताना वरून टक् असा आवाज येत असेल तर स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडीचं) वरचं टॉप माउंट किंवा बेअरिंग. शॉकअपवर नुसता तेलकट ओलसरपणा आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर लगेच घाबरू नका, पण तेल ओघळून खाली थेंब लागला असेल तर तो गेला, आणि मॅग्नेटिक असेल तर तेल काळपट राखाडी दिसतं. बदलताना एकाच एक्सलचे दोन्ही बदला. आणि बुश घट्ट करताना गाडी स्वतःच्या वजनावर, तिच्या नेहमीच्या उंचीवर असायला हवी. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं, ते स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग बनतं, राइड कडक होते आणि बुशही लवकर फाटतो. सस्पेन्शनचं काम करून घेतल्यानंतर गाडी कडक झाली असेल तर हे कारण सगळ्यात आधी बघण्यासारखं आहे आणि सगळ्यात कमी वेळा बघितलं जातं.

थंडीच्या सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी कडक वाटते आणि नंतर सुटते, ते शॉकअपच्या तेलाचं आणि थंड रबराचं काम आहे, सोडून द्या.

सगळं तपासून झालं, काहीच सापडलं नाही, गाडी ठीक आहे असं ठरलं, तर मग सेटिंग. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या रस्त्यावर इंजिन आणि गिअर स्पोर्टमध्ये आणि डॅम्पर सगळ्यात मऊ, हेच इंडिव्हिज्युअलमध्ये सेव्ह करावं. ह्यात कमीपणा काही नाही, पकड ह्यातच जास्त मिळते. खराब रस्त्यावर कडक डॅम्परने चाक खड्ड्याच्या तळाला वेळेत पोचत नाही, उंचवट्यावरून उडतं, टायरवरचा भार सतत कमी-जास्त होतो आणि भार कमी असलेल्या क्षणी पकडही कमी. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्येच उंचवटा आला की ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो आणि गाडी बाजूला एक पाऊल सरकते, ते हेच. फेरारीने 2007 च्या फ्रँकफर्ट शोमध्ये आणलेल्या 430 स्कुडेरियात, जी विकसित करण्यात मिखाएल शूमाखरचा हात होता, बाकी सगळं रेस मोडमध्ये ठेवून फक्त डॅम्पर मऊ करायचं वेगळं बटण दिलं होतं, आणि पुढच्या गाड्यांत त्याचंच बम्पी रोड नावाचं सेटिंग झालं. ट्रॅकवर पळवायला बनवलेल्या गाडीत हे लागतं, तर खड्डे चुकवत ऑफिसला जाताना स्पोर्ट डॅम्पर कशाला हवा.

स्पोर्ट डॅम्पर ठेवा गुळगुळीत घाटासाठी, चांगल्या हायवेवरच्या लाटांसाठी आणि सपाट ट्रॅकसाठी. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्याला मळमळत असेल तर मात्र कम्फर्टवर हट्ट धरू नका, एकदा मधला मोड देऊन बघा, कारण मळमळ आणतात ते हळू, मोठे झोके, सेकंदाला एकाहून कमी वेळा येणारे, आणि ते मऊ डॅम्परमध्येच जास्त टिकतात.

आणि आफ्टरमार्केट, साधे, वायर नसलेले शॉकअप टाकायचे ठरवलेत तर कंट्रोलरला काय दाखवायचं ते आधी ठरवा. वायर तशीच मोकळी सोडली तर वॉर्निंग कायमची आणि काही गाड्यांत त्याच्याबरोबर स्टॅबिलिटीचं ट्यूनिंगही मर्यादित होतं. रेझिस्टरवाले मॉड्यूल मिळतात किंवा कोडिंग करून सिस्टीम बंद करता येते, पण मग ते बटण कायमचं निकामी झालं हे धरून चाला आणि गाडी विकताना समोरच्याला तसं स्पष्ट सांगा.